पाणबागेतला सैल दगड

सोमवार, दुपारी, ड्यूटीवरून आल्यावर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. बाबांचा खोकला कमी आहे. तुझं पाकीट मिळालं, त्याबद्दल शेवटी लिहिते.

काल आमच्या हॉस्पिटलची सहल होती, घरच्यांना घेऊन. कुठे, तर पाणबागेत. नाव मोठं, लक्षण खोटं. तळ्यावर हिरवी साय, सायीवर बिस्किटांचे कागद. एक बुरूज मुद्दाम पडका बांधलेला. नव्या सिमेंटला भेगा पाडून ठेवायची हौस कुणाची असेल देव जाणे. शिंपल्यांच्या गुहेत मुतारीचा वास. दगडी माशाच्या तोंडातून पाणी गळत होतं, लाळ गळावी तसं.

आणि कहर म्हणजे पायवाटेवरचा एक सैल दगड. त्यावर पाय पडला की चारी बाजूंनी कारंजी उडतात आणि माणूस चिंब. आमची मेट्रनच भिजली. लोक खिदळले. कसली ही थट्टा, शी.

जेवणाआधी बाबा बाकावरून उठले आणि मला त्यांची पँट दिसली. मांडीपर्यंत ओली. या महिन्यातली तिसरी वेळ. स्वतः शिवलेली राखाडी पँट, कडक इस्त्रीची. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, अंगावर सुरकुती खपवून घेत नाही, तुला माहीतच आहे.

आता खरं सांगते. वॉर्डात मी रोज परक्यांचं हगणंमुतणं काढते, कधी नाक मुरडत नाही. काल मेट्रन येताना दिसली आणि मी नाकाला रुमाल लावून दोन पावलं मागे सरले. माझ्या बापापासून. बाबांनी ते पाहिलं.

"तो दगड कुठे होता गं?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

ते काठी टेकत गेले आणि दोन्ही पाय त्या दगडावर ठेवून उभे राहिले. डोक्यापासून बुटांपर्यंत पाणी. कुणीतरी म्हणालं, "आजोबा, फसलात की." सगळे हसले. बाबाही हसले. "दिसत नाही हो आताशा," म्हणाले.

बसमध्ये कुडकुडत होते. हळूच मला म्हणाले, "आता कुणाला कळायचं नाही. तुला मान खाली घालायला नको."

मला स्वतःची जी किळस आली, ती त्या तळ्याचीही आली नव्हती.

तर तुझं पाकीट. वृद्धाश्रमाचा अर्ज मीच मागितला होता, तू मुकाट्याने सही करून पाठवलास. येताना बाबांना ते सांगायचं, म्हणूनच त्यांना सहलीला नेलं होतं. सांगितलं नाही. सकाळी अर्ज फाडला.

पुन्हा पाठवू नकोस. मी चिडून, रडून मागितला तरी पाठवू नकोस. मी मागेन, मला माझी खात्री नाही.

पँट वाळली असेल. इस्त्री मी करणार आहे आणि ती त्यांना पसंत पडणार नाही.

तुझी,
दोन पावलं मागे सरलेली ताई