लेन्स घासायचं मशीन

१७ मार्च, रविवार दुपार

प्रिय ताई,

गुडघा काय म्हणतोय? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की नुसता कागद फ्रिजला चिकटवून ठेवलायस? इकडे आम्ही ठीक आहोत. लेकीची परीक्षा संपली. हे आता एका किराणा व्यापाऱ्याकडे हिशेब बघायला जातात, त्यामुळे सकाळी डबा भरायची घाई असते. बरं वाटतं, खरं सांगते.

पत्र मुद्दाम तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकतेय. घरचा फोन भाऊजी उचलतात.

चष्म्याचं दुकान बंद झालं, हे तुला ठाऊक आहेच. दिवाळखोरीचा अर्ज करायचा म्हटल्यावर मला वाटलं, आता भांड्याकुंड्यांसकट सगळं उचलून नेतील. तसं नसतं. वकीलबाई घरी आल्या, खोल्यांमधून फिरल्या आणि सांगत गेल्या : पलंग राहतील, कपडे, गॅस, लेकीचा कॉम्प्युटर राहील. दुकानातला माल जाईल, शोकेस जातील, गाडी जाईल. आईची अंगठी मी पिठाच्या डब्यात दडवली होती. शेवटी मीच ती काढून दाखवली. त्यांनी ती पुसली आणि म्हणाल्या, ही राहते, बोटात घाला. हसावं की रडावं कळेना.

मग त्यांनी विचारलं, लेन्स तुम्ही स्वतः घासत होता ना, मग मशीन कुठंय? पोटापाण्याचं साधन असेल तर तेही राहतं.

ताई, मशीन भाऊजींनी नेलं होतं. अर्जाच्या आधी ते टेम्पो घेऊन आले. म्हणाले, कोर्टाच्या तावडीत सापडलं तर परत दिसणार नाही, माझ्या गोदामात राहू दे, कुणी विचारलं तर मोडीत काढलं म्हण. तू त्या दिवशी सोबत नव्हतीस. मी त्यांना चहा दिला, आभार मानले, धूळ बसू नये म्हणून वर एक चादरही दिली. जे घरात असतं तर कुणी बोट लावलं नसतं, ते मी वाचवायच्या नादात स्वतःच्या हातांनी टेम्पोत चढवलं. अजून आठवलं की हातातलं काम बाजूला पडतं.

हे सगळं सांगितल्यावर वकीलबाई चिडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. शांतपणे म्हणाल्या, लपवलेल्या वस्तूला संरक्षण नसतं, आणि खोटं बोललात तर कर्जातूनही सुटका नाही. आधी मशीन परत आणा.

मी भाऊजींना फोन लावले. एकदा म्हणाले, बघतो. मग किल्ली सापडेना. मग किल्ली असलेला माणूस बाहेरगावी गेला. शेवटी मीच गोदामावर जाऊन धडकले. मशीन नव्हतं. चादर तेवढी घडी घालून ठेवली होती. भाऊजी खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.

"कसलं मशीन? तुझ्याकडे काही लिहून आहे?"

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही ते माझ्या घरातून नेलंत."

"मोडीत काढलं असंच तू सांगणार होतीस ना? मग तेच सांग."

मशीन त्यांनी विकलंय. बाजारात नवं चष्म्याचं दुकान निघालंय, तिथे काचेमागे बसवलंय. परतताना दारापुढून जाताना त्याचा आवाज ऐकला, तो मी झोपेतही ओळखेन. आत जाऊन कुणाला काय सांगणार होते? तशीच घरी आले आणि लेकीवर विनाकारण ओरडले.

मंगळवारी सुनावणी झाली. अधिकाऱ्यांनी विचारलं, अर्जाआधी कुणाला काही दिलंत का? मी भाऊजींचं नाव सांगितलं. तुमचे कोण, म्हणाले. बहिणीचे यजमान, म्हटलं. स्वतःहून बोलले म्हणून माझा अर्ज पुढे सरकतोय, पण मशीन परत मिळालं तरी ते माझं नाही, घेणेकऱ्यांसाठी त्याचा लिलाव होईल. पुढच्या महिन्यापासून मी दुसऱ्याच्या दुकानात कामाला जाणार आहे. वीस वर्षं मालकीण होते, आता रजा मागायला शिकेन.

या आठवड्यात तुमच्या घरी भाऊजींच्या नावाने कोर्टाची नोटीस येईल. हेच सांगायला लिहायला बसले आणि सुरुवात तुझ्या गुडघ्यापासून केली.

अजून एक आहे. भाऊजी तुझ्यापुढे कागद ठेवतील. मशीन तू माझ्याकडून रोख देऊन विकत घेतलंस, असं त्यात असेल. त्यांच्या वकिलांनी आमच्या बाईंना तसं बोलूनही दाखवलंय. नेताना कागद नको होता, आता हवाय, आणि तोही तुझ्या सहीचा. ते खोटं उघडं पडलं तर अडकशील तू, ते नाहीत.

नवऱ्याचं नाव कोर्टात घेतलं म्हणून माझ्याशी बोलू नकोस, चारचौघांत मला नावं ठेव, मी ऐकून घेईन. पण त्या कागदावर सही करू नकोस.

चिडलेली, आणि तरी तुझीच,
धाकटी