सासूबाईंची सत्तेचाळीस मिनिटं

६ एप्रिल, रविवार. सकाळी ९.१०

कॉम्प्युटरची एसएसडी गेली. आठ महिन्यांत गेली! आजपासून तांत्रिक रोजनिशी. एकतीस वर्षं आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या पोरांना सांगत आलो की बिघाड आधी कागदावर पकडा. आता स्वतः पकडतो.

जयाला बायकांना कळेल अशा भाषेत समजावलं की एसएसडी म्हणजे कॉम्प्युटरचं कपाट. ती म्हणाली, 'त्या कपाटात माझी आई होती न?' आणि लगेच डोळ्याला पदर. मी शांतपणे सांगितलं की माझ्या कॉम्प्युटरमध्ये एक नाही, दोन एसएसडी आहेत. एक असली, एक जोडीदार. एकीत जे असतं तेच दुसरीत. ह्याला सिस्टिम म्हणतात. जोडीदार सुरू केली, सासूबाई जशाच्या तशा हजर.

११.३०

पार्श्वभूमी नोंदवतो. गेल्या मे महिन्यात सासूबाई, पंचफुलाबाई, ह्याच खोलीत सत्तेचाळीस मिनिटं बोलल्या. छप्पन साली अकरा वर्षांच्या असताना बापामागे मौद्याहून चालत नागपूरला दीक्षेला आल्या, ते सगळं. तीन आठवड्यांनी गेल्या. रेकॉर्डिंगमध्ये मागे कूलरची घरघर आहे. ती काढण्याचं काम माझ्याकडे. १५ जूनला प्रथम स्मृतिदिन, विहारात साठ माणसं येणार, तिथे ऐकवायचं. माईक जयाच्या मोबाईलला जोडला होता, त्यामुळे मूळ फाईल तिच्या मोबाईलमध्ये होती, ती मीच डिलीट केली. मोबाईल पडतो, फुटतो, हरवतो. महत्त्वाची वस्तू एका जबाबदार माणसाकडे असावी.

संकल्प: १५ जूनपर्यंत घरघर शून्य.

१२ एप्रिल

बर्डीच्या बाजारातल्या गोविंदाच्या दुकानातून नवी एसएसडी आणली. वॉरंटीत बदलून मिळाली. गोविंदा माझा विद्यार्थी. अठ्ठ्याण्णव साली अर्थिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये मी त्याला नापास केलं होतं. पुढच्या वर्षी परत केलं. दोन्ही वेळा योग्यच. आता कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान, हाताखाली चार माणसं. नशीब एकेकाचं.

म्हणाला, 'सर, एक वेळा घरी येऊन पाहू का? नवी एसएसडी अशी जात नाही जी.' मी नको म्हटलं. नापास झालेल्यांनी परीक्षकाच्या घरी तपासणीला येऊ नये.

जोडीदारवरून नव्यावर कॉपी केली. सिस्टिम परत पूर्ण.

१९ एप्रिल. ४३ डिग्री

मार्चअखेरपासून सुरू असलेला कूलर आता दिवसभर. ह्या वर्षी कॉम्प्युटर बरोबर कूलरच्या तोंडासमोर ठेवला आहे, दोघांचं एकच एक्स्टेन्शन बोर्ड. माणसाला गरम होतं तर मशीनला होत नसेल? इतका साधा विचार ह्या कंपन्यांना सुचत नाही.

कूलर भरताना चपला घालायच्या हा आमच्या घरचा जुना नियम. नागपुरात सगळ्यांचाच असतो. चपला नसल्या की कूलर झटका देतो. आज कॉम्प्युटरच्या कॅबिनेटनेही हाताला झिणझिण दिली. स्टॅटिक. उन्हाळ्यात कोरड्या हवेने होतं. चपलांचा नियम कॉम्प्युटरलाही लागू केला आणि तशी सूचना भिंतीवर चिकटवली. खाली सही.

४ मे, रविवार

जोडीदार गेली. असलीवर सगळं शाबूत. जयाला दाखवलं की बघ, सिस्टिम. तिचा चेहरा काही खुलला नाही. कौतुक करायला मन मोठं लागतं.

संशयित:
व्हायरस.
नकली माल.
जयाची कॉम्प्युटर बंद करण्याची पद्धत.
लाईट जाणं-येणं.

जयाचं वेगळंच. म्हणे, 'कूलरचा करंट कॉम्प्युटरले येऊन राहिला. अन् अर्थिंगच्या खड्ड्यात मी रोज संध्याकाळी बादलीभर पाणी टाकत होती, त्याच्यावर तुमी फरशी बसवली.' मत नोंदवून ठेवलं. ती धंतोलीच्या हॉस्पिटलात तीस वर्षं नर्स होती, मी तिच्या सलाइनमध्ये कधी बोललो का? अंगणात सलग फरशी आहे म्हणून स्कूटर कशी सरळ उभी राहते ते तिला दिसत नाही.

७ मे

पुण्याहून प्रीतीचा फोन. आमची मुलगी, बँकेत आहे. 'बाबा, आजीचं क्लाउडवर टाकून द्या न, दोन मिनिटांचं काम आहे.' मी विचारलं, क्लाउड म्हणजे काय? दुसऱ्याचा कॉम्प्युटर. आपली आजी दुसऱ्याच्या घरी ठेवायची का? ती म्हणाली, 'आईले फोन द्या.'

संध्याकाळी जयाने स्वतः जाऊन पेन ड्राइव्ह विकत आणला आणि कीबोर्डजवळ ठेवला. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. अर्धवट काम मी बाहेर देत नाही, मग ती बायको का असेना. म्हणाली, साफ नको, घरघरीसकटच द्या. 'रविवारी रविवारी ऐकीन म्हटलं. अकरा महिने झाले, तुमी मले एक वेळा ऐकू नाही दिलं.' तिला सांगितलं, संपूर्ण झाल्यावर ऐकशील तेव्हा मला धन्यवाद देशील.

घरघर साठ टक्के कमी. सासूबाईंचा आवाज थोडा बादलीतून आल्यासारखा वाटतो. होईल ठीक.

१३ मे

गेल्या आठवड्यात कंपनीला ईमेल केला. इंग्रजीत, तीन पानं. 'सब-स्टँडर्ड' हा शब्द चार वेळा. कंपनीने जोडीदार मुकाट्याने बदलून दिली, म्हणजे चूक कबूल.

२१ मे

असली परत गेली. ह्या वर्षातली तिसरी. जोडीदारवर सगळं शाबूत. सिस्टिमने तीनदा वाचवलं! मी नसतो तर ह्या घराचं काय झालं असतं?

गोविंदाने फोनवर सांगितलं, 'सर, कॅबिनेटले उलट्या हातानं शिवून पाहा. चपला काढून.' उलटा हात! बॉडीला करंट असेल तर सुलटा हात चिकटतो, म्हणून आधी उलटा लावून बघायचा, हे त्याला कोणी शिकवलं? मी. वर्कशॉपमध्ये, खडू हातात घेऊन. फोन ठेवून दिला.

चपला काढल्या नाहीत. नियम म्हणजे नियम.

२६ मे. ४५ डिग्री

नवी असली आली. कॉपी यशस्वी. घरघर ऐंशी टक्के कमी.

स्मृतिदिनाचा कार्यक्रम ठरवला. वंदनेनंतर आधी माझं भाषण, 'ध्वनीचे जतन: एक तांत्रिक प्रवास', वीस मिनिटं. मग सासूबाई. जया म्हणाली की आधी आई होऊ द्या. क्रम मी ठरवतो.

मूळ रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला माझी सहा मिनिटांची प्रस्तावना होती. ती गेल्याच वर्षी वेगळी काढून फॅमिली ग्रुपवर टाकली. चौदा अंगठे आले. त्यातले दोन मौद्याहून.

२ जून, सोमवार. दुपारी ३.४०

जया कूलर भरत होती. लाईट गेली. आली. कॅबिनेटमधून जळका वास.

दोन्ही.

३ जून

दोन्ही एकाच वेळी जाणं हा योगायोग आहे. शक्यता फार कमी असते पण असते. शिवाय पाणी भरायची ती काय वेळ होती? तसं जयाला स्पष्ट सांगितलं. ती दुपारभर कॉम्प्युटरसमोर खुर्ची टाकून बसली होती, पायात चपला घालून. स्क्रीन काळी होती.

४ जून

गोविंदा आला. मी बोलावलं नव्हतं, जयाने बोलावलं. दारात चपला काढल्या, माझ्या पाया पडला. मग अनवाणीच कॅबिनेटजवळ गेला, उलटा हात लावला आणि हात झटकन मागे घेतला. भिंतीवरची सूचना वाचली. सहीसकट.

कूलरचा पंप उघडला. पंपाची वायर आतून सोललेली. कूलरच्या पत्र्यातला करंट बोर्डावरच्या अर्थच्या तारेतून कॉम्प्युटरमध्ये जात होता. पुढे तो खड्ड्यातल्या ओलीतून जमिनीत जायला पाहिजे. 'सर, कूलर अन् कॉम्प्युटर एकाच बोर्डावर काहून लावले जी?' मी म्हटलं, हवेसाठी. मग त्याने विचारलं अर्थिंगचा खड्डा कुठे आहे. मी इकडे-तिकडे पाहिलं. जयाने बोटाने दाखवला.

छिन्नीने फरशी फोडली. चांगली फरशी होती. खाली नुसती धूळ. मीठ-कोळशाचा थर दगडासारखा वाळलेला. जयाने बादली आणली, ओतली. दुसरी ओतली. पाचव्या बादलीनंतर गोविंदाने परत उलटा हात लावला. मग सुलटा. मग मलाही लावायला सांगितला, चपला काढून. झिणझिण नव्हती.

अठ्ठ्याण्णव सालचा विषय त्याने काढला नाही. हे त्याने मुद्दाम केलं.

दोन्ही एसएसडी घेऊन गेला. पुण्याला डेटा काढणारे कोणी आहेत, त्यांच्याकडे पाठवतो म्हणाला. पुढचं अवघड नसावं.

१० जून

पुण्याहून उत्तर आलं. आतल्या चिप जळल्यात. काही निघणार नाही. जयाला सांगितलं की अहवाल अजून संमिश्र आहे. तिने माझ्यासमोरच गोविंदाला फोन लावला. एक मिनिट ऐकलं, 'हौ बापा, तू केलं तेवढं खूप केलं' म्हणाली आणि फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात गेली आणि भाजी चिरायला बसली.

मी तिथे जाऊन सांगितलं की तांत्रिकदृष्ट्या सिस्टिम बरोबरच होती, दोन प्रती होत्या. तिने विळीवरून मान वर केली नाही. म्हणाली, 'दोन्ही तुमच्याचजवळ होत्या.'

१२ जून

तिला आठवण करून दिली की आईचं बोलणं तिने समोर बसून ऐकलंच होतं, तेव्हा तसं पाहिलं तर काही गेलेलं नाही. ती म्हणाली, 'मी तेव्हा चहा करून राहिली होती. तुमीच पाठवलं, मधात आवाज नको म्हणून.'

खरं आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी खोलीत मी एकटाच होतो. सासूबाई काय काय बोलल्या ते आठवायचा आज प्रयत्न केला. रस्त्यात कोणी तरी भाकर दिली होती. की पाणी? मी मीटरच्या काट्याकडे पाहत होतो, आवाजाची पातळी सांभाळायची होती. बापाचं नाव सांगितलं होतं. चालून पायाला काही तरी झालं होतं.

संकल्प: उद्या सकाळी ताज्या डोक्याने आठवायचं.

१३ जून

आठवलं नाही.

१५ जून, रविवार. संध्याकाळी ७

कार्यक्रम झाला. माझं भाषण चार पानांचं तयार होतं, त्यात 'अपरिहार्य' हा शब्दही घातला होता. प्रीती पुण्याहून आली आहे. वंदना संपल्यावर मी उठलो तर तिने माझा हात धरून खाली बसवलं. पन्नास-साठ माणसं. मौद्याचे तीन म्हातारे पुढच्या रांगेत. गोविंदा मागे भिंतीजवळ उभा.

प्रीती म्हणाली की आजीचा जेवढा आवाज उरला आहे तेवढा ऐकवते. मी चकित झालो. मग तिने स्पीकर लावला आणि माझाच आवाज आला. फॅमिली ग्रुपवरची प्रस्तावना. पूर्ण सहा मिनिटं. माईक कोणता, तो किती अंतरावर, मी किती वर्षं नोकरी केली, माझ्या हाताखालून किती विद्यार्थी गेले. मध्ये एकदा, 'आई, वायरीला हात लावू नका.' सगळे सतरंजीकडे पाहत होते. मला सहा मिनिटं एवढी लांब कधी वाटली नव्हती.

शेवटी, मी संपवल्यावर, एक म्हातारा आवाज: 'आता मी बोलू का, जवाईबापू?'

आणि क्लिप संपली. मीच तिथे कापली होती.

जया प्रीतीला म्हणाली, 'शेवटचं परत लाव वं.' लावलं. परत लावलं. मौद्याचा एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, 'हौ, पंचफुलाच व्हय थे.' जया स्पीकरच्या अगदी जवळ जाऊन बसली. नऊ वेळा लावलं, मी मोजलं. माझा भाग परत कोणी लावला नाही. मला वाटलं जया माझ्याकडे पाहील, ओरडेल. तिने पाहिलंच नाही, आणि त्याची मला लाज वाटली. हे इथे लिहितो, दुसरीकडे लिहिण्यासारखं नाही.

घरी आल्यावर तिने बादली भरली आणि फुटक्या फरशीतून खड्ड्यात ओतली. मी बादली धरायला गेलो तर म्हणाली, 'राहू द्या.'

८.१५

तांत्रिक नोंद. क्लिप हेडफोन लावून तपासली. प्रस्तावनेत घरघर अजिबात नाही. माझ्या आवाजात मिसळू नये म्हणून मी तेवढी सहा मिनिटं कूलर बंद ठेवला होता. सासूबाईंनी 'बोलू का' विचारल्यावर अगदी शेवटी एक खट् असा आवाज आहे. तो कूलरच्या बटणाचा. मला उकडत होतं.