बाबांच्या झाडाचा डोळा

मद्रास, नोव्हेंबर १९६८

चि. सौ. वसंतास दादाचे मायेचे आशीर्वाद.

कौलांवरून झाडाची साथुकुडी मोसंबी गडगडत यायची आणि धप्पकन अंगणात पडायची, तो आवाज अजून कानात आहे. आपण धावायचो, बाबा हसायचे.

आम्ही इथे बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

तंजावरचं ते झाड वादळात पडल्यापासून तू त्याच्या इथल्या कलमाचा डोळा, नव्या रोपावर बांधायला फांदीवरचा कोंब, मागते आहेस. बाबांनीच बांधून दिलेलं हे कलम. पण वसंता, डोळा आता पाठवता यायचा नाही. पानं पिवळी पडली आहेत, फळं वाकडी आणि कडू लागतात. तुझी वहिनी म्हणते, "रोज झाडापुढं शाळेतल्या कविता म्हणता, कंटाळलं बिचारं!"

शेतकी खात्यातला चंद्रमौळी पाहून गेला. तिळाएवढी कीड पानांतला रस पिते आणि तिच्या तोंडातून रोगाचे जंतू झाडात उतरतात, म्हणाला.

"औषध?" मी विचारलं.

"नाही काका. अंगभर भिनलंय. डोळा न्याल, तर रोगच न्याल. तोडून जाळा, नाहीतर शेजारची झाडंही जातील."

उद्या कुऱ्हाडवाला येतो आहे. मग बाबांच्या हातचं काहीच उरणार नाही. तू मात्र रडू नकोस.

फाटकाशी रिक्षा थांबली. कोण बरं? अगं, तूच! न कळवता? काखेत डोळा गुंडाळून न्यायला ओलं गोणपाट, हातात बाबांचा कलमाचा चाकू. खिडकीतून मला हात केलास आणि हसत हसत सरळ झाडाकडेच निघालीस.