रुग्णाशी नाते

लोहारा, यवतमाळ
दि. १२ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
ममताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझ्या घरी अश्वजितदादाच्या फोनवर बोललं की तो स्पीकर लावतो आणि तुमची सगळी आळी माझ्या नोकरीचा पंचनामा करते, म्हणून हे पत्र. बाबांच्या कंपनीत बोरीहून रोज येणारे बादलभाऊ ते तुला देतील. उत्तरही त्यांच्याच हाती पाठव.

आईनं तुला सांगितलं तशी मी कॉलेजात 'मॅडम' झालेली नाही, शिकवत नाही. शहरातल्या प्रतिष्ठित लोकांची एक समिती आहे, तिचं नाव 'मायेचा हात'. बाहेरगावच्या मुली कॉलेजच्या वसतिगृहात राहतात. फी आणि पुस्तकं यांच्यापलीकडे त्यांना कितीतरी अडचणी असतात. आजारपण येतं, डॉक्टरकडे जायला सोबत लागते, कधी नुसतं बोलायला माणूस लागतं. त्यासाठी प्रत्येकीला यवतमाळातलं एक कुटुंब जोडून द्यायचं आणि त्या घरानं तिचं स्थानिक पालक व्हायचं. हे जोडून देण्याचं काम माझं. मी समन्वयक आहे. आपल्या घरात पहिली पदवी माझी, आणि तिचा पहिला उपयोग असा व्हावा याचा मला खरंच आनंद आहे.

ही प्रतिष्ठित माणसं मात्र बघण्यासारखी आहेत. एकांनी विचारलं की मुलगी मांसमच्छी खाते का. तिनं तुमच्याकडे जेवायचंच नाही, हे त्यांना चारदा सांगावं लागलं. एका बाईंना मुलीला स्वयंपाक येतो का ते हवं होतं. मुलगी काय शिकते, हे अजून कोणी विचारलेलं नाही. जात कोणीच विचारत नाही. सगळे फक्त 'पूर्ण नाव' विचारतात आणि मग आडनाव पुन्हा एकदा सांगायला लावतात. अध्यक्ष घनश्यामजी कापडाचे व्यापारी आहेत. आम्ही जातपात पाहत नाही, असं ते दर बैठकीत म्हणतात, आणि मी ते लिहिलं का हे बघायला माझ्या नोंदवहीत डोकावतात.

सगळ्यात अवघड मुलगी अर्पिता. महागावकडची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची, गळ्यात तुळशीची माळ, जीभ धारदार. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. महिन्या-दीड महिन्यानं हातपाय आणि पाठ अशी दुखते की भरती करावं लागतं. वडील नाहीत, आणि आई दोन गाड्या बदलून येईपर्यंत दिवस मावळतो. दवाखान्यात पेशंटसोबत माणूस लागतोच. वसतिगृहाच्या बाईंनी सांगून टाकलंय की सोबतीच्या माणसाचं नाव लिहून द्या, नाहीतर दिवाळीनंतर खोली सोडा. खोली सुटली की तिचं कॉलेज सुटलं. तिला मी विमलताई दिल्या आहेत. मोठा बंगला, गाडी, ड्रायव्हर आणि भरपूर वेळ.

आत्या, आता तूही जरा ऐक. बोरीत कोणाचं पोट दुखलं की तू पिशवी घेऊन त्याच्यासोबत इथल्या मोठ्या दवाखान्यात बसायला येतेस, ते बंद कर. लोक तुला फुकट राबवतात. हे काम आता शिकलेली माणसं नीट पद्धतीनं करणार आहेत.

तुझी माया आहे तशीच राहू दे, थोडी वाढली तरी माझी हरकत नाही.
तुझी,
ममता (समन्वयक)


बोरी अरब
दि. १५ ऑगस्ट

चि. समन्वयक बाई ममता हिले इंदूआत्याचा जयभीम अन् गंज आशीर्वाद.

तुयं पत्र भेटलं. घडी उलटी बसेल होती, म्हणजे बादलनं वाचलंच. वाचू दे, त्याचंही ज्ञान वाढन. मी सातवी शिकेल बाई, जशी बोलते तशीच लिवते. चुका काढत बसू नोको.

मले एक सांग. वार्डात बसाले काय लागते ते तुया विमलताईले ठाऊक हाये काय? पेशंटले संडासले न्या लागते. उलटी झाली त हात पुढं करा लागतो. चिठ्ठी घेऊन खाली पळा लागते, अन् नर्स खेकसली त मुकाट्यानं ऐकून घ्या लागते. बंगलेवाली ऐकून घेईन? तिले त घरी सासू खेकसली तवाही ऐकू आलं नसन.

अन् मले कोणी राबवत नाई. मले बलावतात. शेजारच्या कांताबाईचा नवरा नागोराव मेला तवा त्याच्या उशाशी मी होती, त्याचा भाऊ नव्हता. भाऊ बाहेर च्या पिऊन राह्यला होता. तू कागदं रंगव, त्याचा पगार भेटते तुले. पण आमाले पद्धत शिकवाले येऊ नोको.

त्या पोट्टीले धारदार जीभ हाये म्हणतेस त ती टिकन. बापाले सांगजो, बोरी लंडनले नाई, बहिणीच्या घरी येत जाय म्हणा.

रागावली असशीन त राग गिळून पत्र लिवजो.
तुयी आत्या


लोहारा
दि. ६ सप्टेंबर

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून राग आला होता, पण आता सांगते की तू विमलताईंना ओळखलं नाहीस.

काल आमचा पालक-सत्कार झाला. एकवीस पालकांना शाल, श्रीफळ आणि फुलझाड. अजून एकानंही काहीच केलेलं नव्हतं, तरी सत्कार आधी उरकला. मुलींना रांगेत उभं करून पालकांच्या पाया पडायला लावलं. एक गृहस्थ दोनदा शाल घेऊन गेले, पहिला फोटो हलला म्हणून. घनश्यामजींचं भाषण पाऊण तास चाललं. मला सूत्रसंचालन करायचं होतं, नाहीतर मी तिथे थांबलेच नसते.

सकाळीच अर्पिताचं दुखणं उठलं. मी तिला रिक्षातून नेलं, कॉटवर निजवलं आणि विमलताईंना फोन केला. निघालेच, म्हणाल्या. मी अर्पिताला सांगितलं की दहा मिनिटांत ताई येतात, आणि कार्यक्रमाला पळाले. दुपारी विमलताई मंचावर दिसल्या. आपली एक लेक आज दवाखान्यात आहे, तिच्या उशाशी बसून आत्ताच आले, असं त्यांनी भाषणात सांगितलं आणि डोळे टिपले. टाळ्या थांबेनात. बाकीच्यांचं सोंग असेल, पण निदान एक जोडणी तरी खरी निघाली. तुझ्या शंकेला हे उत्तर पुरेसं आहे.

आज-उद्या मीही जाऊन येते. इथे हिशेबाचे कागद पडलेत.

माझा सरळपणा पोटात घाल.
तुझी,
ममता


बोरी अरब
दि. ९ सप्टेंबर

चि. ममतीस,
जयभीम.

पाच तारखेले मी त्याच वार्डात होती. कांताबाईले दम लागला म्हणून तिले घेऊन आलती. बाजूच्या कॉटवर तुळशीमाळवाली पोट्टी एकटीच पाय आवळून पडेल होती. नर्स वरडली, इच्यासंगं कोण हाये, माणूस नसन त मी एकटीनं कोणाकोणाले पाहू. पोट्टी म्हणे, येऊन राह्यल्या ताई. तासभर ती तेच म्हणत होती. मंग मीच उठली. म्हणलं, मी हावो. नर्सनं इचारलं, नातं काय? मी म्हणलं, आत्या. तिनं लिवून घेतलं, अंगठा नाई, मी सही केली.

तुयी विमलताई आलती, खोटं कायले बोलू. नाकाले रुमाल लावून दाराशीच राह्यली. डायवर आत आला, त्यानं सफरचंदाची परडी ठेवली अन् पोट्टीले उठून बस म्हणे. ती उठली, बाप्पा, दात खाऊन उठली. तवा बाई आत आली, परडीवर हात ठेवला, फोटो काढला अन् गेली. कांताबाईनं लुगड्याची गाठ सोडून बांधली, तेवढाच वेळ लागला. पोट्टीनं मंग परडी नर्सले देऊन टाकली.

तीन दिवस बसली मी. तिच्या मायले निरोप उशिरा भेटला, आठ तारखेले ती आली अन् तिले घेऊन गेली. तोवर तू आली नाई. पोट्टीनं इचारलं, ममता मॅडम येतीन काय. मी म्हणलं, त्याईले गंज काम रायते.

मी तुयी सख्खी आत्या हावो, हे तिले सांगितलं नाई. सांगाची शरम वाटली.

इंदू


लोहारा
दि. १३ सप्टेंबर

ती. आत्यास,
जयभीम.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. माझ्या बाजूनं लिहिण्यासारखं काही नाही. विमलताईंनी चार मिनिटं तरी दिली, मी तेवढीही दिली नाहीत.

पण आता नवीनच संकट उभं राहिलंय. विमलताईंनी पालकत्व सोडलं. त्यांचं म्हणणं, मुलगी कृतघ्न आहे. झालं असं की त्या समितीसमोर तब्येत विचारायला लागल्या, तेव्हा अर्पिता म्हणाली की फोटोत माझे डोळे मिटलेत, पुन्हा काढायचा असेल तर पुढच्या महिन्यात या. मी तोंडावर वही धरून हसले. पण त्यानंतर घनश्यामजींनी दवाखान्याचा कागद मागवला. त्यावर लिहिलंय : रुग्णाशी नाते, आत्या. इंदूबाई, मुक्काम बोरी अरब.

आता ते म्हणतात की आत्या खरी असेल तर मुलीनं जवळची नातेवाईक लपवली, म्हणून योजनेतून बाद. खोटी असेल तर फसवणूक, म्हणून वसतिगृहातून बाद. दोन्हीकडून अर्पिताच बाहेर. दाराशी उभी राहून गेलेल्या बाईबद्दल एक अक्षर नाही. वसतिगृहाच्या बाई वाईट नाहीत. समितीनं कोणाचंही नाव पालक म्हणून मंजूर केलं तर खोली ठेवते, असं त्या म्हणाल्या. गुरुवारी १९ तारखेला बैठक आहे.

घनश्यामजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्या बाईंकडून 'चुकून लिहिलं' असं लिहून आण, मग मुलीचं बघू. ती बाई माझी कोण, हे त्यांना ठाऊक नाही. आत्या, नोंदवही मला माझ्या हातानं लिहायची असते. मी आजवर कागदावर खोटं लिहिलेलं नाही. तू दोन ओळी लिहून दे, म्हणजे सगळं सरळ होईल.

तुझ्या मायेवर हक्क सांगायची आज हिंमत नाही.
ममता


बोरी अरब
दि. १५ सप्टेंबर

चि. ममतीस,

दोन वळी मांगतल्या, घे. मी लिवून देत नाई. गुरवारी पयल्या गाडीनं येते.

त्या लोकाईच्या शब्दावर तुया अजून भरोसा हाये, याचं मले नवल वाटते. एवढी शिकून तुले माणसं वाचता येत नाई. तुले भेव कायचं हाये, तुया नोकरीचं का त्या पोट्टीच्या खोलीचं? मी येऊस्तोवर ठरवून ठेवजो. दोन्हीचं म्हणशीन त मी बैठकीत तुले ओळखणार नाई.

आत्या


लोहारा
दि. २५ सप्टेंबर

ती. आत्यास,
मनापासून जयभीम. वि. वि.

त्या दिवशी तू आत आलीस, सगळ्यांना खणखणीत जयभीम घातलास, होय मीच आत्या म्हणालीस, आणि मग तुला नि अर्पिताला बाहेर बसवलं. तुझी गाडी चुकू नये म्हणून मी नंतर नुसतं 'झालं' एवढंच सांगितलं. आत काय झालं ते आता लिहिते.

तुझा जयभीम ऐकल्यापासून सगळे अर्पिताच्या माळेकडे बघत होते. दार लागल्यावर विमलताई म्हणाल्या की हे नातं शक्यच नाही, कारण त्या बाई तर, आणि मुलगी तर. तिथे त्या थांबल्या. मी पेन धरून विचारलं की ताई, 'तर'च्या पुढे काय लिहू. त्यांनी पाणी मागितलं. मग घनश्यामजी म्हणाले की आडनावं जुळत नाहीत. मी म्हटलं की लग्न झालेल्या आत्याचं आडनाव कोणाच्याच घरी जुळत नाही. ते म्हणाले की तसं नव्हे, एकूण राहणी. मी विचारलं की राहणीत नक्की काय दिसलं ते शब्दशः सांगा, नोंदवहीत शब्दशः जाईल. ते म्हणाले, गळ्यातली माळ. मी लिहायला लागले तर त्यांनी माझ्या वहीवर हात ठेवला.

आत्या, बारा माणसं बसली होती. तो एक शब्द प्रत्येकाच्या जिभेवर होता. घरी गेल्यावर जेवताना सगळ्यांनी तो वापरला असेल. पण कागदावर आपल्या नावापुढे तो येऊ नये म्हणून एकेकानं पंख्याकडे पाहिलं. इतकी भित्री माणसं मी पाहिली नव्हती, आणि महिनाभर मी यांच्यासाठी शाली मोजत होते.

घनश्यामजींनी शेवटी मला विचारलं की तुम्ही समन्वयक आहात, तुम्ही खात्रीनं सांगता का. मी सांगितलं की खात्रीनं, मी या बाईंना जन्मापासून ओळखते. मग लिहिलं : श्रीमती इंदूबाई या कु. अर्पिता हिच्या आत्या असून त्यांचे नाव स्थानिक पालक म्हणून मंजूर. आक्षेप : कोणाचाही नाही. बाराही जणांनी सह्या केल्या. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं. जवळची नातेवाईक लपवल्याबद्दल अर्पिता योजनेतून बाद झाली. योजनेत काय होतं, तर सफरचंदं. खोली मात्र तिचीच राहिली, शेवटच्या वर्षापर्यंत.

एक तारखेपासून मी कामावर येऊ नये, असं घनश्यामजींनी कळवलंय. माझी वृत्ती समितीच्या भावनेला धरून नाही म्हणे. आता लोकांना काय सांगू, असं आई म्हणाली. बाबा म्हणाले की पदवी त्यांनी परत मागितली नाही ना, मग झालं.

आज सकाळी अर्पिताला भरती केलं. तुला बोलावलं नाही, कारण तुझं कांताबाईंच्या दुखण्याचं चालू आहे, आणि मला रिकामा वेळही आहे. पहिली उलटी झाली तेव्हा हात पुढे करायला मला उशीर झाला. दुसऱ्या वेळी जमलं. नर्स दोनदा खेकसली, दोन्ही वेळा ऐकून घेतलं. तू माझी सख्खी आत्या आहेस हे अर्पिताला सांगितलं. तिला इतकं दुखत होतं तरी ती म्हणाली की मग तुम्हीच आधी यायला हवं होतं. मी हो म्हटलं.

मग नर्स कागद घेऊन आली आणि तिनं रुग्णाशी नातं विचारलं. तू दोघींची आत्या, म्हणजे आमचे वडील भाऊभाऊ, असं मनाशी जुळवून मी चुलत बहीण म्हणाले. तिनं मान वर न करता लिहून घेतलं.

सलाईन संपत आली, बाटली बदलायला सांगायचं आहे, म्हणून थांबते. खाली दोघींचं नाव लिही, असं अर्पिताचं म्हणणं आहे. तिच्या हाताला सुई आहे, म्हणून तिचंही मीच लिहिते.

लोभ दोघींवर सारखा ठेव.
तुझ्या भाच्या,
ममता
अर्पिता