उजूचा लंबर

मु. पो. माकणी
वैशाख, १९८६

सौ. पुतळाबाई विहीणबाई यांना चांगुणाचा नमस्कार.

तुमच्या गुडघ्यांना उतार पडला असेल, परंड्याच्या आडात अजून पाणी असेल आणि जावईबापूंचं पोट ठिकाणावर आलं असेल, असं धरून चालते. आमच्याकडे माणसं बरी आहेत, म्हशी वाळल्या आहेत.

तुमचं पत्र पोचलं. उजू अडीच वर्षांची होत आली तरी बोलत नाही, आजोळी तिच्याशी कुणी बोलत नसावं, म्हणून उस्मानाबादला शिकायला राहिलेल्या तिच्या आईची मास्तरकीची परीक्षा होईपर्यंत तिला परंड्याला आणून सोडा, सोनारीच्या भैरवनाथाला नवस बोलू, असं तुम्ही लिहिलंत. (आमच्या घरात कुणी बोलत नाही, हे वाचून उजूचे आजोबा इतके हसले की तोंडातलं पान गिळून बसले.) नवसाला माझी ना नाही. पण लेकरू इथं काय करतं ते आधी ऐका, मग ठरवा.

तुम्ही धाडलेले अक्षरांचे ठोकळे मी रोज दुपारी मांडून बसते. 'अ' अननसाचा. अननस मीही पाहिलेलं नाही, त्यामुळं त्याविषयी आम्हा दोघींचं बोलणं लवकर आटपतं. मग मी 'ही चूल, ही परात, ती पाल' असं म्हणत तिला कडेवर घेऊन घरभर हिंडू लागले. (शेजारच्या रुद्रम्मानं यांना हळूच विचारलं, वहिनींना ऊन लागलंय का?) उजू सगळं ऐकते. नाव घेतलं की बरोबर बोट दाखवते. ठोकळे मात्र एकावर एक रचत नाही. उंबऱ्यापासून चुलीपर्यंत रांगेनं लावते, लहान पुढं, मोठा मागं, आणि सगळ्यांच्या पुढं तिच्या आईची, इथं राहिलेली, तुटक्या अंगठ्याची चप्पल. ती मी उचलून फळीवर ठेवते, उजू कुणाला तरी काढायला लावून पुन्हा आणते. ठोकळ्यांच्या ठेचा लागून माझ्या पायाची बोटं सुजली आहेत.

ही रांग ती कुठं शिकली, ते मला उशिरा उमगलं. पाण्याचा टँकर आमच्या दारासमोरच्या लिंबाखाली थांबतो. त्याची वाट बघत उन्हात कोण उभं राहणार? म्हणून बाया रांगेत घागर ठेवून जातात. घागर घरात लागत असेल तर दगड, दगड नसला तर चप्पल. ती वस्तू म्हणजे ते माणूस. तिला कुणी हलवत नाही, भांडणातसुद्धा नाही. ओसरीवर बसून उजू उन्हाळाभर हेच बघत आली.

गेल्या मंगळवारी दूध संस्थेच्या पंचांची बैठक आमच्या घरी होती. जनावरांच्या छावणीला कडबा कुठून आणायचा, यावर आत मोठा वाद चालला होता. मी भाकरी थापत होते. तेवढ्यात उजूनं दारातल्या प्रत्येक जोडातली एकेक चप्पल उचलून रांगेत नेऊन लावली. (मधे नाही घुसवली. शिस्तीत, शेवटी.) टँकर आला, पाणी वाटत वाटत नळी चपलांपाशी पोचली. रांगेतल्या कमलबाईनं ओसरीकडं तोंड करून चेअरमनना हाक दिली, "महारुद्रआप्पा, तुमचा लंबर आलाय! घागर कुठंय?"

"अवं बाई, म्या मिटिंगला आलोय."

"चप्पल तर पाण्याला आलीया!"

आप्पा एका पायात चप्पल आणि दुसरा पाय भाजत लिंबाखाली गेले. चप्पल उचलायला वाकले, तर उजूनं ती दोन्ही हातांनी दाबून धरली आणि ओरडली, "लंबर हाय!"

विहीणबाई, मी पिठाच्या हातानं धावत गेले होते, ती तिथंच मातीत बसले. आप्पांच्या मनात काय आलं कोण जाणे. त्यांनी आमचीच घागर मागवली, भरून घेतली, आणि मग बाकीचे पंचही आपापल्या चपलेपाशी निमूट उभे राहिले. सगळं पाणी आमच्याच रांजणात पडलं. ("लेकराला चांगलं वळण लावलंस गं," एवढंच कमलबाई बोलली. त्यानंतर बोलतच नाही.) कडब्याचा ठराव राहिला.

तेव्हापासून उजू बोलते. लंबर, पानी, सरक, आप्पा. तेव्हा परीक्षा होईपर्यंत तिला माझ्याकडेच राहू द्यावं, ही विनंती. जावईबापूंना आशीर्वाद.

तुमची,
चांगुणा

ता. क. : त्या गडबडीत एका पंचाची चप्पल टँकरखाली गेली. परंड्याच्या बाजारात टायरच्या तळाच्या चांगल्या मिळतात म्हणे. मोठ्या पायाची बघून ठेवा.

आणखी ता. क. : एक शब्द वर लिहायचा राहिला. राहिला नाही, मीच ठेवला. उजू 'आई' म्हणते. मला म्हणते. मी ओ दिली. दुसऱ्या दिवशीही दिली. हे तुमच्या सूनबाईला सांगू नका. पण अभ्यास कितीही असो, येत्या रविवारी उस्मानाबादहून एसटीनं इकडं ये, असं तुम्हीच तिला लिहा. मी लिहिलं तर ती कारण विचारेल. तिची ती चप्पल अजून रांगेत पहिलीच आहे. काल झाडताना मी जरा बाजूला सारली, तर उजूनं माझा हात धरला. "लंबर हाय," म्हणाली.