स्वार पोहोचला

प्रिय धाकटे,

तू पाठवलेली पेटी पोहोचली. दोन हमालांनी ती जिन्यावरून वर आणली, आत माणूस बसवलाय की काय असं म्हणून हसले आणि गेले. पोहोच लगेच द्यायला हवी होती. पण इतक्या वर्षांनी तुला लिहायचं तर सुरुवात कुठून करावी तेच सुचेना. शेवटी म्हटलं, रोज घरखर्च लिहायला बसते तसंच बसावं. काय आलं, काय गेलं, ओळीने लिहीत जावं.

स्वार सुखरूप आला. कुठे तडा नाही, टवका नाही. झाकणाचे खिळे मीच उपसले, आणि ठोकून सरळ करून डब्यात टाकले, हे तुला सांगायला नकोच. आधी स्वाराची टोपी दिसली, मग मिशा. हे म्हणाले, हवालदार शरण आला गं. असं म्हणून हसले आणि हसता हसता रडायला लागले. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. पेटीत चिठ्ठी शोधली, ती नव्हती. म्हणाले, लाज वाटली असेल लिहायला, मला ठाऊक नाही का तो. स्वाराभोवती भाऊजींचे चार शर्ट गुंडाळलेले होते, ते एकेक करून काढले आणि म्हणाले, ह्या गाढवाला अजून सामान बांधता येत नाही, भुसा मिळाला नाही तर अंगावरचे शर्ट कोंबले. मी ते शर्ट उचलले आणि आत नेऊन ठेवले.

आपण दोघी लग्न होऊन ह्या घरात आलो त्या माणसांच्या नव्हे, पलटणीच्याच हाती पडलो. पहिल्याच दिवशी मी तुला सांगितलं होतं, इथे शिशाच्या शिपायांना काचेचं कपाट आहे आणि माझ्या भांड्यांना नुसती फळी. लहानपणी खेळताना थोरले म्हणून हे कायम सेनापती, आणि भाऊजींना हवालदाराच्या वर कधी बढती मिळाली नाही. केस पिकले तरी हाका त्याच. सुट्टीच्या दिवशी टेबलावर रद्दी पसरून दोघं भिंगाखाली शिपायांची बटणं रंगवायचे, आणि एखाद्या बटणावरून अशी जुंपायची की शेजारी विचारायला यायचे. ढोलवाल्याचा हात तुझ्या फडक्यात अडकून मोडला तो आठवतो? मी चिकटवला आणि तो उलटा बसला. ह्यांना अजून पत्ता नाही. पाहुण्यांना दाखवताना सांगतात, त्या काळी ढोल असाच वाजवत.

आणि मग तो घोडा आला. लष्कराचे गणवेश शिवणाऱ्या म्हाताऱ्या शिंप्याचं दुकान बंद झालं, तेव्हा त्याच्या दर्शनी काचेत उभा असलेला लाकडी घोडा आणि त्यावरचा निशाणवाला स्वार दोघांनी मिळून घेतला. घोडा माझ्या खांद्याएवढा आणि स्वार शाळकरी पोराएवढा. खोगिरातल्या खुंटीवर बसवला की बसतो, उचलला की वेगळा होतो. हातगाडीवरून मिरवत आणला त्यांनी. एवढ्या पैशात मी घरात काय काय केलं असतं ह्या विचाराने मी कितीतरी दिवस दोघांशी बोलले नाही. मग एकदा वाढत असताना भाऊजी खाली मान घालून म्हणाले, वहिनी, ह्याला दाणापाणी लागत नाही, तेवढा नफा धरा. मला हसू फुटलं आणि माझा अबोला तिथेच मोडला. असा माणूस. रागावलेल्या बाईला कुठून हसवायचं ते बरोबर कळायचं त्यांना.

भांडण कॉलरवरून झालं असं सगळे म्हणतात. स्वाराच्या डगल्याची कॉलर हे म्हणायचे लाल, भाऊजी म्हणायचे पिवळी. ह्यांच्याकडे पुस्तक, भाऊजींकडे कुठलंसं जुनं चित्र. भाऊजी कामासाठी परगावी गेलेले पाहून ह्यांनी कोणाला न विचारता ती लाल रंगवून टाकली. पण कॉलरचं नुसतं निमित्त होतं, ते तुलाही ठाऊक आहे. सासूबाईंना जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. त्यांच्या आजारात कोणी किती केलं, शेवटी कोण उशिरा पोहोचलं, हे दोघांच्याही पोटात होतं आणि ओठांवर आणायची छाती एकाचीही नव्हती. म्हणून कॉलरवरून भांडले. भाऊजींनी स्वाराला खोगिरावरून उचललं, लेकराला घ्यावं तसं काखेत घेतलं आणि जिना उतरले. मागून तू, निशाणाची काठी हातात धरून. कोपऱ्यावर तू वळून पाहिलंस. मी खिडकीत होते. हात वर करावा असं फार वाटलं, पण हे शेजारीच उभे होते.

तेव्हापासून बैठकीच्या खोलीत रिकामा घोडा. एकदा मी इस्त्रीचे कपडे त्याच्या पाठीवर ठेवले तर हे केवढे चिडले, म्हणाले, ते खोगीर आहे, वाळत घालायची दोरी नाही. मला मात्र तो तसा बघवत नसे. ह्यांनीच एकदा सांगितलं होतं, पूर्वी लढाई संपली की घोडे आपले आपण छावणीकडे परत यायचे. ज्याच्या पाठीवर कोणी नसे, त्याच्या स्वाराचं काय झालं हे कोणाला विचारावं लागत नसे. ते ऐकल्यापासून सकाळी देवासमोर जप झाला की मी त्या घोड्याच्या मानेवर हात ठेवायची आणि म्हणायची, जिथे असेल तिथे सुखी ठेव. हे समजायचे, मी धूळ पुसते.

आता स्वार पुन्हा खोगिरावर बसलाय. बसवताना खुंटीचा टक्कन आवाज झाला. मग ह्यांनी भिंग आणून आधी कॉलर पाहिली. लालच आहे. भाऊजींनी ती खरवडलेली नाही. उलट जिथे रंग उडाला होता तिथे बारीक कुंचल्याने तसाच लाल भरलाय. जे त्यांना कधी पटलं नाही, तेच इतकी वर्षं राखलं. दुसऱ्या दिवशी हे मला न सांगता बाजारात गेले आणि पिवळ्या रंगाची बाटली घेऊन आले. खरं तर गेल्या वर्षी छातीत कळ आली तेव्हापासून डॉक्टरांनी त्यांना जिना चढायला मनाई केली आहे, मनाला धक्का बसेल असं काही सांगायचीही मनाई आहे. त्या दुखण्याचं तुम्हाला कळलं होतं, हे मला माहीत आहे. तुमच्या गल्लीतली परिचारिका त्या इस्पितळात कामाला होती. घरी सोडताना ती माझ्या कानात म्हणाली, ह्यांचे धाकटे भाऊ रोज माझ्या दारात उभे असतात, आज कसं आहे विचारायला, आणि वहिनीला सांगू नका म्हणतात.

सकाळचा चहा झाला की कॉलर पिवळी करायचं काम सुरू होतं. हात कापतो, कड वाकडी जाते, पुसतात, पुन्हा लावतात. मी म्हटलं, तुम्ही तर लाल म्हणत होता. तर म्हणाले, पुस्तकवाल्याची चूक असेल. उभ्या आयुष्यात ह्या माणसाने पुस्तकाची चूक काढलेली मी ऐकली नव्हती. म्हणतात, हवालदार आला की काही बोलायचं नाही, नुसता दिवा वर धरायचा आणि कॉलर दाखवायची. फोनच लावायला निघाले होते. मी म्हटलं, इतक्या वर्षांनी एकदम फोन बरा दिसत नाही, माझं अक्षर मॅट्रिकपर्यंतचं का होईना, मी धाकटीला पत्र घालते. ते त्यांना पटलं. तेव्हा त्यांच्या लेखी हे तुम्हा दोघांना बोलावण्याचं पत्र आहे.

आता शर्टांचं लिहिते. एवढा वेळ टाळलं. तू नवी होतीस तेव्हा एकदा भाऊजींच्या शर्टाने फरशी पुसताना मी तुला पकडलं होतं. शर्ट तुझ्या हातातून काढून उजेडात धरला आणि म्हटलं, कापड धड आहे बाई, कॉलर विरली म्हणून शर्ट संपत नाही, उसवायची, उलटी करून शिवायची आणि पुन्हा घालायला द्यायचा. तू फणकारून म्हणालीस, तुमच्या घरात शर्टालासुद्धा मरू देत नाहीत. पण संध्याकाळी माझ्याजवळ सुईदोरा घेऊन बसलीस आणि शिकलीस. तू पाठवलेले चारही शर्ट मी तसेच उजेडात धरून पाहिले. एकही विरलेला नाही. पांढऱ्याची कॉलर उलटवलेली आहे. टाका तुझाच, शेवटी दोन गाठी मारायची तुझी सवय गेली नाही. दोरा अजून कोरा आहे, आणि कॉलरला आतून मानेची रेघसुद्धा उमटलेली नाही. उलटवून झाल्यावर तो शर्ट कोणी अंगात घातलाच नाही.

धाकटे, घालणारा घरात असताना असा शर्ट तू पेटीत कोंबणार नाहीस. ह्यांना ते कळणार नाही आणि मला कळेल, हे ओळखूनच तू चिठ्ठी ठेवली नाहीस. कदाचित भाऊजींनीच तसं बजावलं असेल, सेनापतीला कळवू नको, त्याला सोसणार नाही. तू सगळं एकटीने केलंस का? रात्री सोबतीला कोणी आहे का? दोन घास खातेस का? तुझी खुशाली विचारायचा हक्क मला राहिलाय की नाही, तेही मला माहीत नाही, पण विचारते.

ह्यांनी तोच पांढरा शर्ट अंगात घातलाय. दुखण्यात वाळले, आता भावाचे कपडे बसतात. म्हणतात, तो दारात आला की त्याच्याच शर्टात पुढे जाऊन उभा राहीन, बघू काय म्हणतो. आत्ता माझ्यासमोरच बसलेत, भिंग डोळ्याशी धरून, आणि मधूनमधून विचारतात, कधी यायचं ते लिहिलंस का. मी मान हलवते. कॉलर पुरी होईपर्यंत मी तोंड उघडणार नाही, तेवढं त्यांना करू दे. रंग वाळला की सांगावंच लागेल, आणि त्या वेळी तू माझ्या शेजारी हवीस, म्हणून हे पत्र. काही आणू नकोस, नुसती ये. आणि माझं चुकलं असेल, म्हातारपणी मी भलतंच काही वाचलं असेल, तर एवढंच कर. शर्ट परत मागव. ह्यांच्या अंगावरचा उतरवून घेईन, चारही धुऊन, इस्त्री करून पाठवीन, आणि टपालखर्चाकडे बघणार नाही.

तुझीच,
मोठी