सीलबंद अभिप्राय

२ मार्च, सकाळी ७.
कोशकार्यालय बंद होऊन आज नऊ महिने झाले. एकवीस वर्षे शब्दकोशाचे संपादन केलेल्या माणसाने घरी बसून काय करावे, हा प्रश्न नातेवाइकांना पडला आहे, मला नाही. किशोरवयीनांसाठी कादंबरी लिहीत आहे. विषय : एका सुस्थितीतल्या कुटुंबाची बदललेली परिस्थिती. वडिलांची नोकरी जाते, घर लहान होते, मने मोठी होतात. या वयासाठी इतरांनी लिहिलेले चाळून पाहिले. सगळेच ढिसाळ. संकल्प : रोज चार पाने. पुनर्लेखनाची आवश्यकता भासणार नाही.

५ मार्च.
एकूण पाने : एक. पद्धत मात्र सिद्ध झाली. कोशात शब्दांची कार्डे करत असू, तशी पात्रांची केली. वडील : धीरोदात्त, मितभाषी, संकटात अविचल. आई : सोशिक. मुलगी : कृतज्ञ.
सौ. हल्ली चष्म्यांच्या दुकानात काउंटर सांभाळतात. आल्या आल्या त्यांनी कार्डे वाचली. म्हणाल्या, सोशिक बाई दिवसभर उभी राहून आली की तिला चहा कोण देतं, तेवढंही लिहून ठेवा. विषयांतर.

९ जून.
कादंबरी पूर्ण. नियोजनापेक्षा दोन महिने अधिक लागले, कारण टेबल हलते.
प्रकाशकांची अट : सोबत बारा ते सोळा वयाच्या एका वाचकाचा लेखी अभिप्राय हवा, लेखकाला न दाखवलेला, बंद पाकिटात. अट बालिश आहे. सुदैवाने चौदा वर्षांची वाचक घरातच उपलब्ध. कन्येच्या हाती हस्तलिखित सोपवले. दोन दिवसांत संपवेल. पुस्तक स्वीकारले गेले की 'हल्ली काय करता' विचारणारे गप्प बसतील. घरातही माझ्याकडे पूर्वीसारखे पाहिले जाईल. (शेवटचे वाक्य अनावश्यक. असू द्यावे.)

१५ जून.
कन्या पान नऊवर. अभ्यास आहे म्हणते.

२२ जून.
पान अकरा. आतल्या खोलीतून हसणे ऐकू आले. त्या पानावर आजोबा वारतात. जाब विचारला. म्हणाली, बाबा, यात कुणी रडायला लागलं की आधी रडणं म्हणजे काय ते येतं, आणि मग रडणं. व्याख्या नसल्यास वाचक भावना चुकीची समजू शकतो, हे मी शांतपणे स्पष्ट केले. तिने फक्त 'बरं' म्हटले. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, अहो, वाचू द्या तिला, तोंडी परीक्षा आहे का?
आवाज चढवला नव्हता. फार नाही.

३० जून.
आज तिचा प्रश्न : यातले वडील रोज पहाटे उठून सगळ्यांना धीर देतात, असं कुणी खरंच करतं का? म्हटले, हे आदर्श चित्रण आहे. ती म्हणाली, आपल्याकडे तर सगळ्यांना आईच उठवते. सगळ्यांना म्हणजे कोणाकोणाला, हे मी विचारले नाही.

१२ जुलै.
अभिप्राय लिहून झाला. पाकीट तिने स्वतः चिकटवले, वर टेपही लावली. या वयात इतका अविश्वास बरा नव्हे. पाकीट उजेडासमोर धरायचे नाही, असा निश्चय केला.

१२ जुलै, दुपारी.
कागद जाड आहे. काही दिसत नाही. मात्र चाचपून पाहता अकरा पाने असावीत. निंदा अर्ध्या पानात उरकते. अकरा पाने लागतात ती प्रशंसेलाच. सगळे पोस्टात टाकून आलो. अर्पणपत्रिकेचा मसुदा सुरू.

७ सप्टेंबर.
प्रकाशकांच्या संपादिकाबाईंचे पत्र. कादंबरीने निराशा केली, म्हणतात. भाषा निर्दोष, माणसे नाहीत. पुढे लिहितात की सोबतचा अभिप्राय मात्र कार्यालयात सगळ्यांनी वाचून काढला. मुलीने प्रत्येक प्रकरणाशेजारी आपल्या घरी तेव्हा काय घडले ते लिहिले आहे. तिने ते विस्ताराने लिहावे. आम्हाला छापायला आवडेल.
पोस्टातली गफलत असावी. पत्र तीनदा वाचले. गफलत नाही.

८ सप्टेंबर.
कन्येला माझी कार्डपद्धत शिकवण्याची तयारी दाखवली. नको म्हणाली, पण नीट म्हणाली. सौ. खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. खांदे हलत होते.

११ सप्टेंबर, सायंकाळी ६.
कन्या वही घेऊन समोर बसली. म्हणाली, नोकरी गेल्यावर तुम्ही महिनाभर आम्हाला सांगितलंच नाही, रोज डबा घेऊन निघायचात. मग दिवसभर कुठे असायचात? प्रश्न अप्रस्तुत असल्याचे सांगितले. ती पेन उघडून तशीच बसून राहिली.
बसस्टँडवर, म्हणालो.
कुठल्या बाकावर, तिने विचारले. तपशील अचूक हवा, म्हणाली.
चौकशीच्या खिडकीशेजारच्या, म्हणालो. तिथे कुणी उठवत नाही.
तिने लिहून घेतले.